मेव्हण्याच्या हातचा दोर

ताडपत्रीवर दाजींची सॅक पालथी केली तेव्हा सगळ्यांत आधी बाहेर घरंगळली ती सेंटची बाटली.

आमच्या गिरिमंडळाची ही जुनी रीत. कड्यावर निघायच्या सकाळी मारुतीच्या देवळासमोर ताडपत्री अंथरायची, प्रत्येकानं आपली सॅक तिच्यावर रिकामी करायची आणि साहित्यप्रमुखानं एकेक वस्तू उचलून निरखायची. कामाची असली तर ‘चालेल’ म्हणून पुढं ठेवायची. नसली तर काही न बोलता पाठीमागं भिरकावायची. ह्याला आम्ही झडती म्हणायचो. झडतीत लहानमोठं कुणी नसे. आमच्या अध्यक्षांची चिरलेली शिट्टी मी त्यांच्यादेखत मागं फेकली होती. एकदा ‘चालेल’ म्हटलं की ती वस्तू माणसाच्या जिवाला जामीन राहिली, म्हणून तो शब्द जपून उच्चारायचा, हे मला मंदाताईनं शिकवलं होतं. माझ्याआधी साहित्यप्रमुख तीच होती.

सेंटची बाटली मी मागं फेकली.

“हळू रे निवृत्ती,” दाजी म्हणाले. “तिच्यावरचं नावसुद्धा तुला वाचता यायचं नाही.”

मंडळातली पोरं खाली बघू लागली. मी आयटीआय केलेला टर्नर, इंग्रजीशी माझं कधी जमलं नाही, आणि पुण्याहून आलेल्या जावयाला उलटून बोलायची आमच्या अकोले तालुक्यात पद्धत नाही. मी पुढची वस्तू उचलली.

आदल्याच दिवशी आमच्या घरी ताईचं डोहाळेजेवण झालं होतं. सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. हिरवं लुगडं नेसवून तिला फुलांच्या झोपाळ्यावर बसवली होती, बायका गाणी म्हणत होत्या आणि मी पंगतीत वाढत होतो. भिंतीवर ताईचा फोटो होता. आग्याकडा उतरतानाचा. तीनशे फूट सरळ कातळ, त्याच्या मधोमध दोराला रेललेली ताई, वेणी उलटी लोंबलेली. तो कडा उतरलेली आमच्या भागातली ती पहिली बाई. ताईच्या जुन्या मास्तरांनी फोटोकडं बोट करून विचारलं, “मंदा, ते तुझे बूट आहेत का गं अजून?” ताई म्हणाली, हरवले. तिथंच पाटावर बसलेले दाजी हसून म्हणाले, “हरवतील कशानं? मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकले. आता हिला काय उपयोग त्यांचा?”

ते बूट मी निवडले होते. ताईचा डावा पाय उजव्यापेक्षा अंमळ रुंद. चांभाराकडं तीन खेपा घालून डाव्याची शिवण सैल करून घेतली होती. माझ्या हातात जिलब्यांचं ताट होतं. मी ताईकडं पाहिलं. ती झोपाळ्याच्या दोरीवरचं एक फूल नीट करत होती.

मास्तर जुन्या वळणाचे आणि तोंडाचे फटकळ. ते म्हणाले की असा कडा उतरायला काळीज लागतं, ते काही जावईबापूंचं काम नव्हे. पंगत हसली. दाजींचा चेहरा उतरला आणि मग ते मला म्हणाले, “उद्या तुमचं मंडळ जातंय ना तिकडं? मीही येतो. बघू तरी, बायकांना जमतं ते आहे तरी काय.”

असे ते आले होते. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या दुकानातून ऑफिसच्या सहलीसाठी घेतलेलं सामान सॅकमध्ये घालून.

काळा कोट मी मागं फेकला. आग्या मोहोळाला काळा रंग चिडवतो. बॅटरीचे सेल गळके निघाले, बॅटरी फेकली. मग बूट हातात घेतले. कोरे करकरीत, टाच दगडासारखी, एक कोसही न चाललेले. असे बूट घालून कड्यावर निघालेल्या माणसाला मी कधी सोडलं नव्हतं. मंडळाचे जास्तीचे मऊ जोड माझ्या पाठीशीच पोत्यात होते.

“चालेल,” मी म्हणालो.

मुरली टेलर, आमच्यातला थट्टेखोर गडी, त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर लोकरीचे हातमोजे निघाले. दोर धरायला लोकर कुचकामी, म्हणून ते मागं फेकले. बदली चामडी जोडी द्यायला हवी होती. दिली नाही.

मग ती निळी कडी हाती लागली.

कड्यावर उतरणाऱ्याचा सगळा भार एका कडीवर असतो. दोर जातो इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या लोखंडातून, आणि तो आठ कमरेच्या पट्ट्याला जोडते ती ही उघडझाप करणारी कडी. आमच्या कड्या काळपट, जड, ओबडधोबड. ही निळी चकचकीत, हातात घेतली तर शेंगेसारखी हलकी. मी ती उलटी केली. दांड्यावर बारीक अक्षरं कोरलेली होती. मी ती उन्हाला धरली आणि एकेक अक्षर मनात जुळवलं. चढाईसाठी नाही, असं त्यावर लिहिलं होतं. पाण्याची बाटली अडकवायची, किल्ल्या अडकवायच्या, त्यासाठीची कडी ती.

“काय दिसतंय?” दाजी म्हणाले. “का वास घेऊन बघणार आहेस?”

झोपाळ्यावरचं ते फूल माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“चालेल,” मी म्हणालो आणि कडी पुढं ठेवली.

मनाशी म्हटलं, घाबरेल, एवढंच. उतरणाऱ्याला दुसरा दोर असतोच. राखणदोर म्हणतो आम्ही त्याला. तो पट्ट्याला थेट गाठीनं बांधलेला, वर कुणीतरी धरलेला. कडी गेली तरी माणूस त्या दोरावर राहील. लोंबकळेल, ओरडेल, पंगतीत हसणारं तोंड जरा कोरडं पडेल.

चढणीला लागल्यावर तासाभरात दाजी लंगडू लागले. मुरलीनं दोनदा विचारलं, बूट बदलता का, एकदा तर म्हणाला, पाहुणे, खांद्यावर घेऊ का. ते नाही म्हणाले. पठारावर ठाकरवाडीशी पोचलो तेव्हा त्यांच्या मोज्याला टाचेशी तांबडा डाग आला होता. मला गोड वाटलं. हे आता लिहितो, कारण खरं ते हेच.

वाडीत लिंबाजीबाबा वाट बघत होता. सत्तरीचा, मधाचा माणूस. त्याच्या चार पिढ्यांनी आग्याकड्यावरून वेलींच्या शिड्या सोडून मध काढला. त्याला सांगितल्याशिवाय त्या कड्यावर कुणी जात नसे, आणि तो सोबत आल्याशिवाय आम्ही दोर टाकत नसू. त्यानं दाजींच्या जवळ येऊन नाक फुगवलं, आणि काही न विचारता त्यांना ओढ्यावर नेऊन मान, कान, काखा मातीनं चोळून धुवायला लावल्या. “वासावर माशी येती,” एवढंच म्हणाला. बाटली मागं राहिली होती, तरी सकाळीच अंगावर शिंपडलेलं होतं.

“ही काय पद्धत झाली?” दाजी परत येऊन मला म्हणाले. अंग ओलं, कपाळावर मातीचा पट्टा. “तू शिकवलंस ना म्हाताऱ्याला हे?”

“मी कशाला शिकवू, दाजी? तुम्ही पाहुणे.”

“तुझा पाहुणचार कळतोय मला. कालपासून कळतोय. तुझ्या बहिणीला मी पळवून नेलेली नाही. तुम्हीच दिलीत.”

“दिली ती बुटांसकट दिली होती.”

ते ओठ आवळून म्हणाले, “अच्छा. बूट.” आणि पुढं चालू लागले.

दुपारी माथ्यावर पोचलो. खाली दरी, दरीत धुकं नव्हतं, लपायला काही नव्हतं. कड्याच्या कडेला एक जुना हिरडा उभा आहे. त्याच्यामागच्या कातळात ठोकलेल्या मेखांना आम्ही उतरायचा दोर बांधला. मी राखणदोराचं वेटोळं सोडायला घेतलं, तसे दाजी म्हणाले, “तो कशाला?”

मी सांगितलं, कशाला ते.

“फोटोत एकच दोर आहे,” ते म्हणाले. “मंदा एका दोरावर उतरली. मी दोन लावून उतरलो तर आयुष्यभर तुम्ही लोक तेच बोलाल.”

फोटोत दुसरा दोर दिसत नाही, कारण तो कातळाच्या खाचेत होता. आणि फोटोच्या बाहेर, ह्याच हिरड्याशी, तो माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. माझं तोंड उघडलंही असेल. पण वर बघितलं तर दाजी हसत होते, तेच कालचं पंगतीतलं हसू.

“जशी तुमची मर्जी,” मी म्हणालो आणि वेटोळं खाली ठेवलं.

मुरली चिडला. “निवृत्ती, डोकं फिरलं का तुझं? राखणदोराशिवाय कुणी उतरलंय आपल्यात?” मी म्हणालो, ते ऐकत नाहीत. आणि ते खरंच ऐकत नव्हते. दाजींनी पट्टा कमरेला आवळला, निळी कडी अडकवली. उन्हात ती खेळण्यासारखी चमकत होती.

लिंबाजीबाबा हिरड्याखाली तंबाखू मळत बसला होता. तो उठला, तंबाखू खाली टाकली आणि उतरायच्या दोरावर पाय देऊन उभा राहिला.

“ह्यो कोन तुझा?” त्यानं मला विचारलं.

“ताईचे मालक.”

“मंदीचा दादला.” त्याला ताई चांगली माहीत. “मंग दोर तुझ्या हातात हाय. आमच्यात कड्यावरनं मानूस उतरतो त्यो मेव्हन्याच्या हातावर. भाऊ न्हाई चालत, बाप न्हाई, लेक न्हाई. बायकूचा भाऊच.”

“का?” दाजींनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं असावं.

“भाऊ वाटा मागतो. लेक घाबरतो. बायकूच्या भावानं दोर सोडला तर त्येच्या बहिनीचं कुकू पुसतं. म्हून त्यो सोडत न्हाई.”

दाजी माझ्याकडं वळले. “हा? हा धरणार माझा दोर? बाबा, त्यापेक्षा मोकळाच उतरतो मी.”

“न्हाई उतरायचं,” बाबा शांतपणे म्हणाला. “अन् आजून एक हाय. दादल्याच्या अंगावर जे जे हाय, ते आदी मेव्हन्यानं अंगावर घालायचं. कड्याखाली पुरुषभर उतरायचं, दोनी पाय सोडून लोंबायचं. ववी तीनदा म्हनूस्तोवर. मग वर येऊन द्यायचं त्येला. तवर राखनदोर त्येनं धरायचा, ज्याला पुढं उतरायचंय.” मग माझ्याकडं बघितलं. “सामान तूच पारखलंस न्हवं? मुरली सांगत व्हता, तू चालंल म्हनलास.”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणू शकत होतो, ही कडी नको. तेवढं म्हटलं असतं की मुरलीनं विचारलं असतं, मग सकाळी? आणि सकाळचा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडला असता. चोवीस वर्षांचा होतो. मरणापेक्षा लाज मोठी वाटण्याचं वय. शिवाय हिशेब केला, मी हडकुळा आहे, कडी पेलेल. पेलली की तीच कडी दाजींना द्यायची वेळ येईल, हा विचार मी तिथंच कापला.

“पारखलंय,” मी म्हणालो.

दाजींनी पट्टा काढून दिला. अजून त्यांच्या अंगाची ऊब होती त्याला. मी तो घातला, निळी कडी लावली, तिच्यात आठ अडकवला. राखणदोर मुरलीनं माझ्या पट्ट्याला गाठीनं बांधला. बाबानं त्याचा एक वेढा हिरड्याच्या बुंध्याला दिला आणि टोक दाजींच्या हातात ठेवलं. त्यांचे हात उघडे होते. मुरलीनं आपले हातमोजे पुढं केले तर बाबानंच नको म्हटलं का दाजींनी, ते आता आठवत नाही. मला एवढंच आठवतं की चामडी जोडी माझ्या सॅकमध्ये वरच होती.

“सोडलास तरी चालेल,” मी दाजींना म्हणालो. आयुष्यात तेवढं एकदाच त्यांना ‘तू’ म्हटलं.

“माहितीय मला,” ते म्हणाले. “उतर.”

मी उतरलो. पुरुषभर. पाय कातळावरून सोडले. खाली तीनशे फूट वारा. बाजूच्या खोबणीत आग्याचं मोहोळ लटकलेलं, परातीएवढं, त्याच्यावरून माशांची लाट फिरत होती. वरून बाबाचा आवाज आला, बारीक, बायकांच्या जात्यावरच्या चालीचा. त्याच्या बायकोनं म्हटलेली ओवी असणार ती, बाबा नुसता तिचा आवाज चालवत होता.

कड्याला गं मोहळ, मधाला गेला राजा,
दोर भावाच्या हाती, दोरात जीव माझा.

एकदा झाली. कडी माझ्या नाकासमोर होती. तिच्यावरची अक्षरं मला आता न जुळवता वाचता येत होती.

कड्याला गं मोहळ, मधाला गेला राजा.

दुसऱ्यांदा झाली. कडीचं उघडझाप करणारं झाकण किंचित बाहेर वाकलेलं दिसलं. मला ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर माशा उठल्या असत्या, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आवाजच फुटला नाही. ताईच्या गळ्यातून ओवी येतेय असं वाटत होतं.

तिसऱ्यांदा ‘दोर भावाच्या हाती’पर्यंत आली आणि कडी उघडली. आवाज फार झाला नाही, सुपारी फुटल्यासारखा. मी खाली गेलो.

किती खाली ते नंतर मोजलं, दोन पुरुष. मध्ये काय झालं ते वरच्यांनी सांगितलं. दोर दाजींच्या हातातून सरसर पळाला, त्यांनी तो सोडला नाही. दोराबरोबर ते हिरड्यापर्यंत फरपटले, बुंध्याला छाती लावून थांबले, आणि मुरली नि बाबा पोचेपर्यंत तसेच उभे राहिले. मला वर ओढलं तेव्हा मी कडेवरच पालथा पडलो. डोळ्यांसमोर राखणदोर होता. पांढऱ्या दोरावर वीतवीत अंतरानं तांबडे ठसे उमटले होते.

दाजींच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. मुरली पाणी ओतत होता. ते उठून माझ्याजवळ आले आणि वाकले. वाकडी झालेली निळी कडी अजून माझ्या पट्ट्याला लोंबत होती. ती त्यांनी बोटांच्या टोकांनी सोडवली, उलटी केली, उन्हाला धरली. सकाळी मी धरली होती तशीच.

वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होतो, लाथ घालतील, कड्याशी नेतील. ते फार हळू म्हणाले, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

“मला वाटायचं, तुला इंग्रजी वाचता येत नाही.”

कडी त्यांनी खिशात टाकली.

त्या दिवशी कुणी उतरलं नाही. लिंबाजीबाबानं कसलासा पाला वाटून त्यांच्या तळहातांवर बांधला. मला त्यानं काही विचारलं नाही, पाणीही विचारलं नाही. खाली येईपर्यंत दाजी अनवाणी चालले. घरी ओसरीवर सगळे जमले होते, मास्तरही. ताई दाराशी उभी होती, एक हात पोटावर. हातांना काय झालं, तिनं विचारलं. मी बोलायच्या आत दाजी म्हणाले, “काय होणार? वर गेलो, खाली बघितलं आणि दोर घट्ट धरून बसलो. सोडेचना. तुमच्या निवृत्तीनं मला ओढून मागं आणलं.”

मास्तर खो खो हसले. सगळे हसले. ताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मुरली माझ्याकडं बघत राहिला. दाजी बांधलेले हात मांडीवर ठेवून बसले होते आणि माझ्यावरची नजर काढत नव्हते. मीही हसायची ते वाट बघत होते. मी हसलो.

त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. आमच्या घरात ती अजून सांगतात, जावई कसा घाबरला. लग्नात, बारशात, दर दिवाळीला. सांगणारं कुणी नसलं तर दाजी स्वतः काढतात, आणि शेवटी म्हणतात, “विचारा निवृत्तीला.” आमच्यात माया वगैरे काही झाली नाही. जेवढ्यास तेवढं बोलतो. ताई पुढं पुन्हा दोराला हात लावायला लागली, पुण्यात पोरींना शिकवू लागली. तिचे नवे बूट कुणी आणले ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात जुई आली. ताईची मुलगी, त्याच सातव्या महिन्यातली, आता वीस वर्षांची. येत्या रविवारी ती आग्याकडा उतरणार आहे. म्हणाली, मामा, आईनं सांगितलंय, झडती तुझ्याकडूनच. मी अंगणात ताडपत्री अंथरली. तिनं सॅक पालथी केली. हेल्मेट, चामडी मोजे, शिट्टी, पायाला वळलेले मऊ बूट. ताईचीच लेक. मी एकेक उचलून पुढं ठेवत गेलो. सगळ्यांत तळाशी एक किल्ल्यांची रिंग होती आणि तिच्यात एक कडी, वाकडी, निळा रंग जवळजवळ उडालेला.

“ही बाबांची,” जुई म्हणाली. “स्कूटरची किल्ली असायची हिला, मला आठवतंय तेव्हापासून. काल काढून दिली. म्हणाले, मामाला दाखव आणि विचार, चालेल का.”

मी ती उन्हाला धरली. वर्षानुवर्षं किल्ल्या घासून अक्षरं पुसली होती. एक अक्षर राहिलं नव्हतं. मी ती पाठीमागं फेकली नाही, पुढंही ठेवली नाही. खिशात टाकली.

“तुझा राखणदोर कोण धरणार?”

“आई म्हणाली तू. बाबाही तूच म्हणाले.” मग ती हसली. “बाबा म्हणाले, त्याला वाचता येतं.”

मी पुढं ठेवलेलं सगळं पुन्हा जवळ ओढलं. तिची पहिली कडी हातात घेतली, उलटी केली, उन्हाला धरली, आणि तिच्यावर कोरलेलं एकेक अक्षर तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागलो.